काजेमास्तरांचा अखंड जप

काजेमास्तरांनी उभ्या आयुष्यात देवाचं नाव फार तर तीनदा घेतलं असेल, आणि तिन्ही वेळा सुई नखाखाली गेली होती. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. ओळख झाली नव्हती, इतकंच. असा माणूस साडेअकरा लाख भक्तांच्या यादीत पहिला आला आणि तिथे मांडी ठोकून बसला, हे ज्यांना पटणार नाही त्यांनी आधी काज म्हणजे काय ते ऐकावं. मग खुशाल शंका काढाव्यात.

कोटाला बटण कुणीही लावतं. बटण ज्या चिरेतून आरपार जातं ती चीर दोऱ्यानं बांधून काढायची, म्हणजे काज करायचं, हे खरं काम. यंत्र ते डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं, आणि पहिल्याच धुण्यात त्या काजाला दाढी फुटते. म्हणून शहरातले झाडून सगळे चांगले शिंपी आपले कोट मास्तरांकडे पाठवत. मास्तर चिरेच्या कडेनं मेण लावलेला रेशमी दोरा ओवत जायचे आणि प्रत्येक टाक्याला एक बारीक गाठ बसवायचे. गाठ नेमकी कडेवर बसावी म्हणून अंगठ्यानं दोरा तर्जनीवरून सर्रकन ओढून घ्यायचा. एका काजाला सत्तर टाके, म्हणजे सत्तर वेळा अंगठा तर्जनीवरून फिरणार. चाळीस वर्षं असा दोरा ओढून तर्जनीला खाच पडली होती. बायको म्हणायची, यात मोहरी पेरली तर उगवेल.

अंगठ्याला ही सवय इतकी जडली होती की मास्तर झोपले तरी तो झोपत नसे. रात्रभर तर्जनीवरून फिरायचा, हवेत काजं करत. एका थंडीत त्यानं रजईला दोन काजं पाडली असं बायको सगळ्यांना सांगे. खरंखोटं त्या रजईला ठाऊक.

आळीत तिला मास्तरीणबाई म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीशी मास्तरांचं स्टूल, मागच्या खोलीत संसार, आणि मध्ये फळ्यांची भिंत. देवाची ओळख त्या घरात काय ती मास्तरीणबाईंनाच होती, आणि ती चांगली घरोब्याची. सकाळी चूल पेटवायच्या आधी त्या मागच्या खोलीत पाटावर बसत आणि काहीबाही पुटपुटत. भिंतीपलीकडे मास्तर दिवसभराचा दोरा मेणातून ओढून ठेवत. शब्द एकही कळत नसे, पण दुधाला उकळी येण्याआधी भांड्यातून जसा आवाज येतो तसा तो आवाज येई, आणि तो येत असला की मास्तरांचा हात ठीक चाले. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिची उलट तक्रार अशी की, "एकदा तरी त्याच्यासमोर बसा हो. तो काही तुमच्याकडून काजं करून घेणार नाही."

मास्तर साठीचे झाले तेव्हा जावयानं एक अंगठी पाठवली. जावई ज्या कंपनीत कामाला होता तीच कंपनी ती बनवायची. अंगठीचं नाव स्मरणी. तर्जनीत घालायची आणि अंगठा एकदा वरून फिरवला की एक नाम जमा. शंभर नामं झाली की ती फुलपाखरू मुठीत धरल्यासारखी थरथरायची आणि आकडा फोनवर जायचा. तिथे सगळ्या भक्तांची यादी, कोण वर चढलं, कोण घसरलं, कुणाची श्रेणी रुप्याची, कुणाची सोन्याची. ज्याला स्वतः नाम घ्यायला सवड नाही त्याच्यासाठी दुसऱ्याकडून घेतलेली नामं भरून द्यायचीही सोय होती. जशी पाहुणे यायच्या दिवशी आयत्या पोळ्या आणायची असते.

जावई फोनवर म्हणाला, "बाबा, बोटातून काढू नका हं. इथून मला दिसतं सगळं."

जावयानं दिलेली वस्तू आणि न्हाव्यानं धरलेली मान, दोन्ही हलवता येत नाहीत. मास्तरांनी अंगठी चढवली. आणि मग त्यांना तिचा एक गुण सापडला, जो कंपनीच्या कुणाच्याही डोक्यात आला नसेल. ती बरोब्बर तर्जनीच्या खाचेत बसली. दोरा आता कातडीवरून न जाता अंगठीवरून सुळकन जाऊ लागला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांचं बोट संध्याकाळी ठणकलं नाही. त्यांनी जावयाला मनोमन आशीर्वाद दिला आणि जप वगैरे विसरून गेले. अंगठी मधूनमधून थरथरे. ती गरम होत असेल, असं त्यांना वाटलं.

त्याच सुमाराला एका बड्या हॉटेलातल्या नोकरांचे दोनशे कोट आले, प्रत्येकाला नऊ काजं. दिवसाची साठ काजं मास्तर हातावेगळी करत, आणि राहिलेली रात्री अंगठा हवेत करी. तिसऱ्या आठवड्यात जावयाचा फोन आला. बाबा दिवसाला नऊ हजारांवर नामं घेतात, त्यातली निम्मी झोपेत. झोपेत जप चालणारा माणूस साडेअकरा लाखांत दुसरा नाही. कंपनीनं यादीच्या माथ्यावर बाबांचा फोटोही लावला होता. सुईत दोरा ओवताना मास्तरांनी डोळे बारीक केले होते आणि मान खाली घातली होती. कुणीतरी फोटोतली सुई आणि दोरा कापून टाकला, तेव्हा समाधीत बसलेला एक तेजस्वी म्हातारा शिल्लक राहिला.

मास्तर पोट धरधरून हसले. हसता हसता त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर ती हसत नव्हती. फोन दोन्ही हातांत धरून त्या फोटोकडे बघत होती.

त्या दिवसापासून घराचा पोत बदलला. फोटोखाली लोक मास्तरांना साकडं घालणारी पत्रं लिहू लागले, आणि मास्तरीणबाई ती एकेक करून वाचत. मास्तरीणबाई त्यांना आधी चहा देऊ लागल्या आणि तोही न सांडता. टोमणे बंद झाले. मास्तरांनी मुद्दाम ओला टॉवेल अंथरुणावर टाकला. तिनं तो मुकाट्यानं उचलून वाळत घातला. ज्या बाईनं याच टॉवेलावरून चाळीस वर्षं त्यांच्या सात पिढ्यांचा हिशेब काढला होता, तिची ही शांतता मास्तरांना कोरड्या खोकल्यासारखी छळू लागली.

मग तिनं जावयाकडून स्वतःसाठीही एक अंगठी मागवली. सकाळी ती पाटावर बसे, पण भिंतीतून आता तो आवाज येत नसे. त्याऐवजी पोरं पाढे म्हणतात तसा भरभर, दम लागल्यासारखा एकच शब्द येई, आणि मध्येच थांबून फोन उघडल्याची टिकटिक. एवढं करून यादीत तिचा नंबर अडतीस हजार दोनशे चौदावा. फोन रोज तिला सांगे की आज आपण कालपेक्षा मागे आहात. एका सकाळी तिनं भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हटलं, "चाळीस वर्षं मी बसले, आणि त्यानं निवडलं तुम्हाला. असू दे. त्याची मर्जी."

मास्तर चटकन पुढे झाले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. अगं, हे नाम नाही, हे टाके आहेत, अंगठी खाचेत बसते म्हणून घालतो, देवाचं नाव मी घेतच नाही. मास्तरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हात जोडले. खरे मोठे लोक असंच म्हणतात, मी वाचलंय, असं म्हणून त्या भाजी धुवायला गेल्या.

जावयाला सांगितलं, तर तो म्हणाला की बाबा, हे कुठे बोलू नका, माझी बढती तुमच्या अंगठ्यावर आहे. मास्तरांनी चिडून एक दिवस अंगठी काढून डब्यात टाकली. संध्याकाळी कंपनीनं जाहीर केलं की मास्तर मौनात गेले आहेत, आणि फोनवर त्यांच्या मागे लागलेल्या भक्तांचा आकडा दुप्पट झाला. बोट मात्र दिवसभर ठणकत राहिलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अंगठी पुन्हा चढवली, तेव्हा मौन सुटल्याचा आनंद कितीतरी शहरांतल्या लोकांनी साजरा केला.

शेवटी कंपनीची एक बाई स्वतः आली. चटपटीत, हसरी, पायातले बूट दाराबाहेर काढून ठेवणारी. तिनं मास्तरांना काका म्हटलं आणि पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता याच खोलीतून, याच स्टुलावरून, सगळ्या भक्तांना त्यांचा जप थेट दाखवायचा बेत सांगितला. मास्तरांनी तिलाही खरं ते सांगितलं. ती ऐकत होती आणि लिहून घेत होती.

"माझा टाका हाच माझा जप," ती स्वतःशीच म्हणाली. "काका, हे वाक्य आम्ही घेतलं."

मास्तर म्हणाले की बाई, मी असं म्हटलेलंच नाही. ती म्हणाली, तेच तर, तुम्हाला कळतही नाही तुम्ही काय बोलून जाता ते. जाताना तिची नजर स्टुलाखालच्या दोऱ्यांच्या तुकड्यांवर पडली. हे मास्तरांच्या हातचे आहेत का, असं तिनं हळूच विचारलं. एवढेएवढे तुकडे पाकिटात घालून लोकांच्या घरी पोचवता येतील, मनगटाला बांधायला. मास्तरीणबाई हे तुकडे रोज केरात काढत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी ते वेगळ्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली.

माणूस खरं बोलला तर सुटतो असं पुस्तकात असतं. मास्तर जितकं खरं बोलले तितके जास्तच रुतले, चिखलात पाय झाडावा तसे.

आणि शुक्रवारच्या सकाळी मास्तरीणबाई पाटावर बसल्याच नाहीत. मास्तर मेणाचा गोळा हातात धरून वाट बघत राहिले. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज आला, नळाचा आला. मास्तर आत गेले. पाट भिंतीला उभा टेकवलेला होता.

"आज बसली नाहीस?"

"आता मी बसून काय करू," ती म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता, तेच वाईट होतं. "घरात तुम्ही आहात ना. एवढं मोठं माणूस घरात असताना मी आपलं पुटपुटत बसायचं म्हणजे दिवसाढवळ्या मेणबत्ती."

पहिला नंबर राहिला काय नि गेला काय, कंपनी आली काय नि बुडाली काय, मास्तरांना सोयरसुतक नव्हतं. पण या बाईचं चाळीस वर्षांचं बसणं आपल्या एका अंगठ्यानं मोडलं, हे त्यांना सोसेना. आणि तोंडानं सांगून ती ऐकणार नव्हती. तोंडानं सांगितलेलं सगळं तिच्या लेखी नम्रता होतं. अकराला अजून चार तास होते. मास्तरांनी तिचा हात धरला, पुढच्या खोलीत आणली आणि म्हणाले, बस.

ती घाबरली. तुमच्या आसनावर मी कशी बसू, म्हणाली. हे आसन नाही, स्टूल आहे, आणि त्याचा एक पाय लंगडा आहे, असं म्हणून मास्तरांनी तिला खांदे धरून बसवलं. हातात एक चिंधी दिली, तिच्यावर खडूनं रेघ मारून चीर पाडून दिली, आणि सुई दिली. तिची अंगठी तिच्या बोटात होतीच.

"एक काज कर."

चाळीस वर्षांत तिनं त्या सुईला हात लावला नव्हता. संसारात प्रत्येकाची हद्द असते, आणि ही तिची नव्हती. पण मास्तरांचा चेहरा बघून तिनं नाही म्हटलं नाही. पहिला टाका पडला तो कडेपासून बोटभर लांब. दुसऱ्याची गाठ उलटी बसली. तिसऱ्याला सुई थेट करंगळीत शिरली.

आता मास्तरीणबाईंचा बाप ट्रक चालवायचा, आणि लहानपणी त्या बापाशेजारी बसून बऱ्याच लांबच्या गावांना गेल्या होत्या. बापानं वाटेत ज्या शब्दांनी बैलगाड्या, सायकली आणि दुसरे ट्रकवाले बाजूला सारले होते, ते शब्द त्यांनी लग्नानंतर कुठेतरी खोल पुरून ठेवले होते. करंगळीतून रक्ताचा थेंब आला आणि ते सगळे शब्द एकामागून एक वर आले. त्यांनी सुईला शिवी दिली. दोऱ्याला दिली. दोरा गुंतला तेव्हा दोऱ्याच्या आईला दिली. कोट ही वस्तू ज्यानं शोधून काढली त्याला, बटणं ज्यानं आणली त्याला, आणि थंडी ज्यानं पाडली त्यालाही. ते शेवटचं कुणाला लागलं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मास्तर भिंतीला टेकून ऐकत होते. त्यातल्या तीन शिव्या त्यांना नवीन होत्या.

चुकलेलं उसवून पुन्हा घातलेलं धरून शंभरावा टाका पडला, तेव्हा त्यांच्या बोटातली अंगठी थरथरली. तो टाका घालताना मास्तरीणबाई सुईच्या वडिलांविषयी बोलत होत्या. त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. शेजारी ठेवलेला फोन उजळला. मास्तरांनी तो उचलून मोठ्यानं वाचला.

"अभिनंदन. शंभर नामं पूर्ण. आजचा आपला जप अत्यंत एकाग्र होता. आपण नऊशे भक्तांच्या पुढे गेला आहात."

मास्तरीणबाईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग अंगठीकडे पाहिलं. मग चिंधीवरच्या त्या वेड्यावाकड्या काजाकडे. अंगठा उचलून त्यांनी तर्जनीवरून एकदा फिरवला, मुद्दाम, सावकाश.

"मी शिव्या देत होते हो," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी."

"आणि यानं त्या..."

"एकाग्र होत्या म्हणतोय."

आधी त्यांचे खांदे हलले. मास्तरांना वाटलं रडते आहे, आणि ते पुढे झाले. पण तोवर हसू बाहेर पडलं होतं. त्या इतक्या हसल्या की लंगडं स्टूल कलंडलं आणि त्या जमिनीवर बसून हसल्या. पदरानं डोळे पुसायच्या आणि पुन्हा फोनकडे बघायच्या. नऊशे माणसं, त्या म्हणायच्या, नऊशे बिचारी माणसं बसली असतील सकाळपासून. मास्तरही शेजारी बसले आणि हसले. मग एकाएकी त्या थांबल्या आणि मास्तरांच्या दंडावर एक सणसणीत चापट ठेवून दिली.

"महिना झाला तुम्हाला आधी चहा देतेय मी," त्या म्हणाल्या. "आणि टॉवेल उचलतेय. हात जोडले मी तुमच्यापुढे. लाज नाही वाटली घ्यायला?"

मास्तरांनी डोळे मिटले. डोक्यावरची कापडांची थप्पी कुणी उतरवून ठेवावी तसं त्यांना वाटलं. आणखी बोल, ते म्हणाले. ती आणखी बोलली. अंथरुणापासून सुरू करून ती त्यांच्या आत्याच्या स्वभावापर्यंत पोचली, आणि मास्तर एकेक शब्द औषधासारखा पीत राहिले.

अकरा वाजता कंपनीची बाई आली, मागे कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूस. दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही अंगठ्या तिच्या तळहातावर ठेवल्या आणि सकाळची हकीकत सांगितली, शिव्या वगळून. मास्तर स्टुलावरून म्हणाले की शिव्याही सांग, नाहीतर हीसुद्धा नम्रता समजेल. मग मास्तरीणबाईंनी बापाच्या दोन सांगितल्या. कॅमेरावाल्यानं खांद्यावरचा कॅमेरा खाली ठेवला. ती बाई लिहून घ्यायला निघाली होती, तिनं वही मिटली.

आता हे वाक्य काही घेता येणार नाही, ती म्हणाली, आणि हसली. पण यावेळचं हसू कामाचं नव्हतं. वर काय सांगायचं ते मी बघते, असं तिनं कबूल केलं. पाकिटांसाठी बाजूला ठेवलेली दोऱ्यांची पिशवी मास्तरीणबाईंनी तिला देऊ केली, तर तिनं ती घेतली नाही. निघता निघता, एक पाय बुटात घालून, ती मागे वळली.

"काकू, मोजल्याशिवाय पुरेसं झालं हे कसं कळतं हो तुम्हाला?"

मास्तरीणबाईंनी खरोखरच विचार केला. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

"कळत नाही," त्या म्हणाल्या. "चहाची वेळ झाली की उठते."

जावयाची बढती त्या वर्षी हुकली. मास्तरीणबाईंनी त्याला फोन करून सांगितलं की माझ्या साठीला स्वेटर पाठवा. मास्तरांचं नाव यादीत खाली खाली गेलं आणि काही दिवसांनी दिसेनासं झालं. मास्तरांनी तांबटाकडून एक साधी पितळी कडी करून घेतली आणि ती तर्जनीत घालून काजं करू लागले. ती कधीही थरथरली नाही.

पण त्या शुक्रवारनंतरच्या सकाळचं राहिलंच. मास्तर नेहमीच्या वेळी उठून दोरा मेणातून ओढत होते. भिंतीपलीकडे पाट मांडल्याचा आवाज आला. मास्तरीणबाई बसल्या, पण लगेच पुटपुटल्या नाहीत. महिनाभर फोनवर ज्यांनी ज्यांनी मास्तरांना साकडं घातलं होतं त्यांची पत्रं त्यांनीच वाचली होती, आणि आता ती सगळी माणसं अडकून पडली होती. कंपनी त्यांचं काही बघणार नव्हती. तेव्हा त्या आज चक्क मोठ्यानं, शेजारणीला निरोप द्यावा तशा, देवाला सांगू लागल्या. जहाजावर स्वैपाक करणारा एकजण आहे, त्याला घरची आठवण येते. एका पोरीची परीक्षा आहे, तिचा अभ्यास झालाय पण ती घाबरते. एका बाईचा नवरा इतका घोरतो की ती माहेरी जायच्या बेतात आहे, त्याच्या नाकाचं काहीतरी बघ. एका म्हाताऱ्याला काही नकोय, त्यानं नुसतंच बरं आहात ना विचारलंय, तर त्याला सांग, बरे आहोत.

असं बराच वेळ चाललं. चहाची वेळ टळली, पण मास्तरांनी हाक मारली नाही. मग तिचा आवाज खाली आला. "आणि आमच्या ह्यांना," एवढं स्पष्ट ऐकू आलं, आणि पुढचं ती इतकं हळू बोलली की भिंतीतून काहीच येईना. मास्तरांनी हातातला दोरा थांबवून कान दिला. तरी काही कळलं नाही. मग त्यांनी सुईत दोरा ओवला, खिडकीकडे तोंड केलं आणि दिवसाचं पहिलं काज हातात घेतलं.